काच कोणी फोडली

"मामा, मी नदी काढली," ओवी म्हणाली, तेव्हा मी डिकीपाशी वाकून मेण पुसत होतो.

मान वर करून पाहिलं. डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवर लावलेलं मेण वाळून पांढुरकं झालं होतं आणि त्या पांढऱ्यातून तिनं मागच्या चाकापासून आरशापर्यंत बोटानं लांबच लांब रेघ ओढली होती. खाली दोन डोंगरही काढले होते. बोटाला अंगणातली माती लागलेली. ती माती आता मेणात आणि मेण माझ्या नव्या गाडीवर.

ओवी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, चित्राची मुलगी. तेव्हा तीन वर्षांची होती. दोघी वर्ध्याहून सुट्टीसाठी आदल्या संध्याकाळीच आल्या होत्या. माझी बायको आणि मुलगा पांढरकवड्याला लग्नाला गेले होते आणि त्यांना मी एसटीनं पाठवलं होतं. दारात नवी गाडी उभी असताना. लग्नघरापर्यंतचा शेवटचा रस्ता गिट्टीचा होता, हे मी कारण सांगितलं होतं. बायको जाताना गाडीकडे एकदा बघून गेली.

ही दोन हजार दहा सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वणीत मी एका खासगी प्रयोगशाळेत कोळशाचे नमुने तपासायचो. दिवसभर कोळसा कुटायचा, चाळायचा, जाळायचा आणि राख मोजायची. घरी आलो तरी नखांतून काळं निघायचं नाही. आमच्या खानदानातली ती पहिली गाडी, गडद लाल रंगाची. घेऊन महिना झाला होता आणि रोज सकाळी तिच्यावर बारीक काळी भुकटी बसलेली असायची. पुसली तरी हाताला खरखर लागायची. इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की ही खरखर धुऊन जात नाही, कण रंगात रुततात. त्यासाठी एक खास माती मिळते, कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. साबणाचं पाणी मारत ती पत्र्यावरून अलगद फिरवायची, म्हणजे ती रुतलेले कण उचलून घेते. मग वरून मेण लावायचं. मी ते सगळं कुरिअरनं मागवलं होतं आणि बायको-मुलगा नसलेला रविवार धरून ठेवला होता.

सकाळी सहालाच लागलो. शेजारच्या दुमजली घराची सावली आमच्या अंगणात दहापर्यंत राहते, त्याआधी काम उरकायचं असा हिशोब. आधी दोन बादल्या घेऊन टपापासून खाली धुतली. मग मातीचा गोळा. एका दाराला वीस मिनिटं लागली. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पत्र्यावरून बोटं फिरवली की कण कुठं राहिलेत ते कळतं, तसं इंचाइंचाला तपासत गेलो. एकदा गोळा हातून निसटून मातीत पडला, तो टाकून द्यावा लागला आणि उरलेल्या अर्ध्यावर भागवावं लागलं. पण जिथून गोळा फिरला तिथं पत्रा असा झाला होता की त्यावर ठेवलेला कपडा आपसूक घसरायचा. मी दोनतीनदा नुसताच कपडा ठेवून बघितलं.

या नादात साडेदहा वाजले आणि सावली पायाशी आली. मेण उन्हात वाळलं तर डाग धरतं, असं वाचलेलं. मी घाईत होतो. आणि नेमकी तेव्हा नदी निघाली.

मी ओवीवर ओरडलो नाही. ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी तिचा हात धुतला, तिला उचललं आणि चालकाच्या सीटवर बसवलं. बडबडगीतांची सीडी लावून दिली, त्यासाठी चावी लावून अर्धी फिरवली. पाच मिनिटं गाडी चालव, म्हटलं, मग आपण आइस्क्रीम खायला जाऊ. ती स्टिअरिंगला लटकली. काचा बंदच होत्या, नुकत्या पुसल्या होत्या. दारही मी लावून घेतलं, कारण उघड्या दाराला येताजाता धक्का लागतो आणि कडेचं मेण निघतं. चित्रा मागं न्हाणीघराजवळ कपडे धूत होती. नळाचा आवाज येत होता.

मग मी नदी पुसायला लागलो. मातीचे दोन बारीक ओरखडे राहिले होते. ते जाईनात म्हणून पुन्हा गोळा फिरवला, पुन्हा मेण लावलं, वाळायची वाट बघितली, पुसलं. मग बॉनेट. ऊन आता गाडीच्या टपावरून पुढच्या काचेवर आलं होतं. मधे एकदा ओवीनं आतून काचेवर थापा मारल्या. मी बघितलं तर तिचे दोन्ही तळवे काचेला चिकटलेले आणि काचेवर ओल्या हाताचे ठसे. मी बोट हलवून नाही नाही केलं आणि बॉनेटकडे वळलो.

सीडी संपून पहिलं गाणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाच मिनिटं होऊन फार वेळ झाला आहे.

दाराची कडी ओढली. उघडली नाही. पुन्हा ओढली. मागचं दार, पलीकडची दोन दारं, डिकी. त्या गाडीत चालकाच्या दाराची छोटी दांडी आत ढकलली की पाचही दारं बंद व्हायची. ओवीनं खेळताना ती ढकलली होती आणि चावी आत लटकत होती.

मी काचेवर वाकून तिला दांडी दाखवली, ओढ म्हणून खूण केली. ती हसली. तिला वाटलं मी खेळतोय. तिनं दांडीवर बोट ठेवलं आणि आणखी दाबलं. मी ओरडून सांगायला लागलो, पण आत गाणं मोठ्यानं चालू होतं. माझं तोंड हलताना तिला दिसत असेल, आवाज जात नसेल. मग माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तिचं हसू गेलं आणि ती रडायला लागली.

तोवर मला भीती वाटली नव्हती, घाई वाटत होती. मग तिचा चेहरा नीट बघितला. चेहरा गाजरासारखा लाल, केस कपाळाला चिकटलेले, फ्रॉक छातीवर भिजलेला. मी टपावर हात ठेवला आणि लगेच उचलला, इतका पत्रा तापला होता. वणीचं मे महिन्यातलं ऊन. आत काय असेल, ते मला ठाऊक होतं. बंद जागेतली उष्णता कशी चढते हे मोजणं तर माझ्या रोजच्या कामाचा भाग होता.

चित्राला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, तिनं एकदा आत पाहिलं आणि मला काही न विचारता घरात पळाली. मला वाटलं फोन आणायला गेली. ती आली ती खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन.

"फोड," तिनं बत्ता माझ्या हातात दिला.

ओवी चालकाच्या काचेला गाल लावून रडत होती. ही काच फोडली तर सगळी तिच्या तोंडावर येईल, मी म्हटलं. मग मागची फोड, चित्रा म्हणाली, ती पुढं आहे. मी मागच्या दारापाशी गेलो, डाव्या बाजूच्या. बत्ता उचलला.

हात वर गेला आणि तिथंच राहिला. मी पाय नीट रोवले. पुन्हा उचलला. आतून रडणं ऐकू येत होतं, गाण्याच्या वर. मी जरा बाजूला सरकून उभा राहिलो, बत्ता कोणत्या टोकानं मारावा ते बघितलं.

"दादा, काहून थांबला?"

काच मागूनही उडते, मी म्हटलं, डोळ्यात गेली तर जन्माचं होईल. दुसरी चावी लॅबमध्ये माझ्या कपाटात आहे. चौकीदार असतो रविवारी. स्कूटरनं जाऊन आणतो.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. जास्तीत जास्त पंधरा."

तिनं आत पाहिलं. ओवीचं रडणं थांबलं होतं. ती काचेवर दिसत नव्हती. आम्ही दोघं पुढं धावलो, तर ती सीटवरून घसरून खाली पेडलपाशी गेली होती, अंगाची मुटकुळी करून, आणि तिला उलटी झालेली. डोळे अर्धे उघडे होते. चित्रानं काचेवर दोन्ही हातांनी मारलं. ओवीनं वर बघितलं नाही.

चित्रानं माझ्या हातातून बत्ता घेतला.

पहिला घाव काचेवरून घसरून खाली दारावर गेला. दुसरा नुसताच उसळला. मी काहीतरी म्हणालो, काय म्हणालो ते आठवत नाही. तिसऱ्याला काच जागच्या जागी पांढरी झाली आणि चौथ्याला साखरेच्या खड्यांसारखी आत कोसळली. चित्रानं बत्ता खाली टाकला, हात आत घातला, दांडी ओढली, दार उघडून दोन सीटच्या मधून पुढं वाकली आणि ओवीला फ्रॉकला धरून मागं ओढून घेतलं. उघड्या दारातून बाहेर आलेली हवा माझ्या तोंडावर आली. प्रयोगशाळेतल्या भट्टीचं झाकण काढल्यावर येते तशी.

ओवीची मान खांद्यावर लुळी पडली होती. मी बादलीतलं पाणी आणलं, ते साबणाचं निघालं, ते ओतून नळाकडे पळालो. चित्रा तिला हाका मारत होती. ओवी, ओवी, ओवी. ओठ कोरडे पडले होते आणि अंगाला घाम नव्हता. एवढ्या गरम अंगाला घाम नाही, हे बघून मी जसा घाबरलो, तसा आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. काहीतरी करावं म्हणून मी खाली पडलेला बत्ता उचलला आणि तो हातात धरून उभा राहिलो.

काच फुटल्याचा आवाज ऐकून समोरचे देवतळे मास्तर आले ते अशा वेळी. त्यांनी फुटकी काच बघितली, पोरीला बघितलं, माझ्या हातातला बत्ता बघितला. काय झालं ते त्यांनी विचारलंही नाही. स्कूटर काढली, चित्राला ओवीसकट मागं बसवलं आणि दवाखान्याकडे नेलं. मी माझ्या स्कूटरवर मागोमाग. रस्त्यात पुढं चित्राच्या खांद्यावरून ओवीचं डोकं दिसत होतं, ते प्रत्येक गतिरोधकाला हलायचं आणि मला कळायचं नाही की ते तिनं हलवलं की आपोआप हललं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला घेतलं, फ्रॉक काढला, ओल्या चादरीत गुंडाळलं, पंख्याखाली ठेवलं. हाताला सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. सुई दोनदा टोचली तरी ओवी रडली नाही. तिसऱ्यांदा टोचली तेव्हा बारीक कण्हली. बाई म्हणाल्या, आता बरं आहे, रडू द्या. पण ती रडेपर्यंत आणखी अर्धा तास गेला. तो अर्धा तास मी बाकावर बसून तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. चादरीतून तेवढाच दिसत होता.

ती रडली, "आई" म्हणाली, पाणी प्यायली. मग कुठं चित्राच्या हाताकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कोपराखाली लांब चिरलं होतं आणि रक्त तिच्या साडीवर वाळलं होतं. टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नक्की झालं काय? मला वाटतं त्यांना आम्हा दोघा भावाबहिणींपैकी कुणीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. देवतळे मास्तरच माझ्याकडे हात करून बोलले.

"खिरटकरांनी वेळेवर काच फोडली म्हणून पोरगी हाती लागली, बाई. नव्या गाडीची. महिनाच झाला घेऊन."

चित्रानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत होती. मी बाकावर बसलो होतो, हातांना अजून मेणाचा वास येत होता.

"हो," ती म्हणाली. "दादानंच फोडली."

संध्याकाळी वर्ध्याहून आमचे जावई, चित्राचे यजमान दीपकराव आले. रेल्वेत गार्ड आहेत, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. पुढं दिवाळीत त्यांच्या घरी सगळ्यांसमोर त्यांनी मला शाल घातली. मी ती खांद्यावर घेऊन फोटोला उभा राहिलो. चित्रा फोटोत आहे, तिनं पूर्ण बाहीचा ब्लाउज घातला आहे.

गाडी मी वर्षाच्या आत विकली. काच बदलली होती, दारावरचा घावही भरून घेतला होता. लोकांना वाटलं, त्या प्रसंगानं मन उडालं. तेही खरंच.

चित्रा त्यानंतरही दर उन्हाळ्यात येत राहिली. भांडली नाही, अबोला धरला नाही, राखी चुकवली नाही. पण ओवीला घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघालो की तिला नेमकं काहीतरी आणायचं असायचं आणि ती बरोबर यायची. मी ओवीला स्कूटरवर चक्कर मारतो म्हटलं की ओवीला कपडे बदलायचे असायचे. हे माझ्या ध्यानात यायला तीन-चार वर्षं लागली. मग मात्र प्रत्येक वेळी दिसायला लागलं. वर्ध्याहून फोन आला की मला धस्स व्हायचं. आज सांगून टाकेल, असं वाटायचं. कार्यात कुणी तो विषय काढला की मी उठून पाण्याला जायचो. ओवी मोठी होत गेली तशी ती स्वतःच सांगायला लागली, मैत्रिणींना, चुलत भावंडांना. माझ्या मामानं नव्या गाडीची काच फोडून मला काढलं. सांगताना माझ्याकडे बघायची.

गेल्या वर्षी ती बारावीला होती. नागपूरला तिची प्रवेश परीक्षा होती आणि आदल्या आठवड्यात चित्राचा पाय मुरगळला. दीपकरावांना ड्यूटी. चित्राचा फोन आला. तू तिला घेऊन जाशील का, तिनं विचारलं. मी आणि ओवी, दोघंच? मी विचारलं. हो, ती म्हणाली, दोघंच.

मी नंतर घेतलेली जुनी गाडी काढली आणि पहाटे वर्ध्याला पोचलो. जाताना ओवी सूत्रं पाठ करत होती, मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली. परीक्षा होईपर्यंत केंद्राबाहेर गाडीत बसून राहिलो. येताना सेलूच्या अलीकडे उसाच्या रसाच्या दुकानापाशी थांबलो. तिनं रस संपवला, पेपरातल्या कठीण प्रश्नांबद्दल सांगितलं. मी समोर बघत सांगायला सुरुवात केली.

काच तुझ्या आईनं फोडली, मी म्हटलं. बत्ता आधी माझ्या हातात होता. काच उडेल ही भीती खोटी नव्हती. पण तू पुढं होतीस आणि मी मागच्या दारापाशी उभा होतो. बत्ता उचलला तेव्हा मला काचेखालचं दार दिसलं. सकाळपासून घासलेलं. माझ्या मनात आलं, बत्ता घसरला तर पत्र्यावर ओरखडा जाईल. तू आत होतीस आणि माझ्या मनात ते आलं. म्हणून चावीचं सुचलं.

ओवी हातातला रिकामा ग्लास फिरवत होती.

"मला माहीत आहे, मामा," ती म्हणाली. "दहावीच्या सुट्टीत आईनं सांगितलं. म्हणाली, तू स्वतःहून विचारू नको. तो सांगेल तेव्हा ऐकून घे."

माहीत असूनही ती सगळ्यांना तीच गोष्ट सांगत होती. मी विचारलं, आणखी काय म्हणाली आई?

"दवाखान्यात ते मास्तर बोलले, तेव्हा तिनं तुमच्याकडे बघितलं म्हणे. तिला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून ती हो म्हणाली."

रस्त्यावरून ट्रक जात होते. तिनं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "किती वेळ उभे होतात तुम्ही? बत्ता घेऊन?"

"तिनं हातातून घेईपर्यंत."

तिनं मान हलवली. एवढ्यात तिचा फोन वाजला. चित्राच होती, पेपर कसा गेला ते विचारत होती. बरा गेला, ओवी म्हणाली, शेवटचे दोन राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, मामानं सांगितलं मला. आत्ताच."

ओवीनं थोडी वाट बघितली आणि फोन माझ्याकडे दिला.

मी तो कानाला लावला. चित्राच्या स्वयंपाकघरातली शिट्टी ऐकू आली, कुणीतरी दार लोटल्याचा आवाज आला. ती बोलत नव्हती. ती थांबली होती, त्या दिवशी दवाखान्यात थांबली होती तशी. बोलायचं मलाच होतं.

"चित्रा," मी म्हटलं.